मनाईच्या पाटीतून इटालियन

भुसावळ जंक्शनच्या फलाटावर गावाचे नाव तीनदा लिहिलेले असते. मराठीत ‘भुसावळ’, हिंदीत ‘भुसावल’ आणि त्याखाली रोमन लिपीत इंग्रजी. जळगावच्या स्टेशनवर तेच ‘जळगाव’ आणि ‘जलगाँव’ असे दिसते. खान्देशातल्या अनेक घरांत अहिराणी, तावडी किंवा लेवा गणबोली चालते. सातपुड्याच्या बाजूला पावरी चालते. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते. या घरांतले मूल शाळेत प्रमाण मराठी शिकते, स्टेशनवर हिंदी वाचते आणि बँकेत इंग्रजी फॉर्म भरते. घरची नसलेली भाषा पाटीवरून वाचून घेणे इथल्या माणसाच्या रोजच्या सवयीतले आहे.

इटालियन शिकू पाहणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याने ही सवय हाताशी धरावी, असे मला मनापासून वाटते. भाषेची पुस्तके नमस्कार-चमत्काराने सुरू होतात. ‘बोन जोर्नो’ चुकीच्या वेळी म्हटले तर समोरचा हसून सोडून देतो. मनाईची पाटी चुकीची वाचली, तर दंड भरावा लागतो, गाडी उचलून नेली जाते आणि काही ठिकाणी जीव धोक्यात येतो. शिवाय या पाट्यांचा शब्दसंग्रह लहान आहे, वाक्यरचना ठरलेली आहे आणि सरावाला प्रत्येक रस्ता, प्रत्येक स्टेशन मोकळे आहे. त्यामुळे नव्या शिकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

आधी रंग आणि आकार

पाटीवरचा पहिला शब्द वाचण्याआधी तिचा रंग आणि आकार बोलतो. रस्त्यावरच्या चिन्हांसाठी १९६८ मध्ये व्हिएन्ना इथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत आणि इटली हे दोन्ही देश त्यात आहेत. धुळ्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि ५३ एकमेकांना भेटतात. तिथे रोज गाडी चालवणाऱ्याला इटलीतली बरीच चिन्हे ओळखीची वाटतील. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी म्हणजे प्रवेश बंद; इटालियनमध्ये तिला ‘सेन्सो व्येतातो’ म्हणतात. निळ्या गोलाला लाल कडा आणि एक तिरपी लाल रेघ असेल तर गाडी उभी करून जायचे नाही. ही ‘दिव्येतो दी सोस्ता’. त्याच गोलात दोन रेघांची फुली असेल, तर क्षणभर थांबायलाही मनाई. ही ‘दिव्येतो दी फेर्माता’. भारतातही या तिन्ही चिन्हांचा अर्थ हाच आहे.

नवा माणूस फसतो तो पुढच्या दोन ठिकाणी. आपल्याकडे ट्रक, सायकल किंवा बैलगाडीला मनाई असेल, तर लाल कड्यातल्या चित्रावर तिरपी रेघ मारलेली असते. ती रेघ दिसली की मनाई, ही खूण आपल्या डोळ्यांत बसलेली आहे. इटलीत अशा बहुतेक चिन्हांवर रेघ नसते. पांढऱ्या गोलाला लाल कडा आणि आत सायकल एवढेच असेल, तरी सायकलला मनाई आहे. तिथे मनाई सांगण्याचे काम लाल कडाच करतो. सायकलसाठी राखलेला रस्ता दाखवायचा असेल, तर सायकलचे पांढरे चित्र निळ्या गोलात येते. म्हणजे चित्र तेच राहते. कडा लाल की पार्श्वभूमी निळी, यावर परवानगी की मनाई हे ठरते.

दुसरी अडचण रिकाम्या गोलाची. पांढरा गोल, लाल कडा आणि आत काहीच नाही, असे चिन्ह पाहून ते अर्धवट रंगवलेले आहे असे वाटू शकते. ते पूर्ण आहे. कोणत्याही वाहनाने, कोणत्याही बाजूने जायचे नाही, असा त्याचा अर्थ. इटालियनमध्ये ते ‘दिव्येतो दी त्रान्सितो’.

कारखाने, रुग्णालये आणि दुकानांतल्या सुरक्षाचिन्हांचा नियम वेगळा आहे. तिथे लाल कड्याबरोबर तिरपी लाल पट्टी असतेच. इटलीच्या २००८ च्या कामगार-सुरक्षा कायद्यात तिचे वर्णन दिले आहे: पट्टी डावीकडून उजवीकडे खाली, ४५ अंशांत, आतले चित्र काळे, लाल रंगाने पाटीचा किमान ३५ टक्के भाग व्यापलेला. तेव्हा रस्त्यावर कडा पाहावा आणि इमारतीच्या आत पट्टी पाहावी.

दोन शब्द आणि एक छोटा नकार

आता शब्द. उच्चाराच्या बाबतीत मराठी वाचकाची बाजू चांगली आहे. इटालियन बरीचशी जशी लिहिली तशीच वाचली जाते. तिचा ‘त’ आपल्या ‘त’सारखा दातांना लागतो, इंग्रजीसारखा ‘ट’ होत नाही. जोडाक्षरावर आपण देतो तसा ठाशीव दाब तिथल्या दुहेरी व्यंजनावर द्यायचा असतो. लक्षात ठेवण्यासारखे नियम थोडे आहेत. रोमन ‘सी’ अक्षरापुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आला तर उच्चार ‘च’, एरवी ‘क’. ‘जी’ अक्षराचे तसेच: ‘ए’ आणि ‘इ’पूर्वी ‘ज’, एरवी ‘ग’. ‘सी’ आणि ‘एच’ एकत्र आले की मात्र ‘क’च, इंग्रजीच्या सवयीने तिथे ‘च’ वाचणे ही हमखास होणारी चूक.

मनाईच्या पाट्यांचा डोलारा ‘व्येतातो’ आणि ‘दिव्येतो’ या दोन शब्दांवर उभा आहे. ‘व्येतातो’ म्हणजे मनाई केलेले, ‘दिव्येतो’ म्हणजे मनाई. ‘व्येतातो’पुढे क्रियापदाचे मूळ रूप येते: ‘व्येतातो फुमारे’, धूम्रपानास मनाई, ‘व्येतातो एन्त्रारे’, आत जाण्यास मनाई. ‘दिव्येतो’पुढे ‘दी’ आणि मग नाम येते: ‘दिव्येतो दी आच्चेस्सो’, प्रवेशास मनाई. समुद्रकिनारी किंवा तलावाकाठी ‘दिव्येतो दी बाल्नेआत्सिओने’ दिसले, तर पाण्यात उतरायचे नाही.

‘व्येतातो’पुढे नाम आले, तर लिंग आणि वचन सांभाळावे लागते. मराठीत आपण ‘केलेला, केलेली, केलेले’ असे रूप बदलतो, तसेच. ‘इंग्रेस्सो’ म्हणजे प्रवेश. हा शब्द पुल्लिंगी, म्हणून ‘व्येतातो लिंग्रेस्सो’. गाडी उभी करणे म्हणजे ‘सोस्ता’. हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘व्येताता ला सोस्ता’. पाण्यात उड्या मारणे हे अनेकवचनी, म्हणून ‘व्येताती ई तुफ्फी’. शेवटी ‘तो’, ‘ता’, ‘ती’ किंवा ‘ते’ काहीही असले, तरी सुरुवातीच्या ‘व्येत’वर नजर पडली की अर्थ कळतो. त्याआधी ‘सेवेरामेन्ते’ असेल, तर ती आपली ‘सक्त मनाई’.

तिसरा प्रकार ‘नोन’ या छोट्या नकाराचा. ‘नोन तोक्कारे’, हात लावू नये. ‘नोन काल्पेस्तारे’, तुडवू नये. ही पाटी बागेतल्या हिरवळीवर असते. ‘नोन जेत्तारे’, टाकू नये. इथली रचना मराठी माणसाला चटकन उमगेल. मराठीत प्रत्यक्ष समोरच्याला सांगताना लहानाला ‘करू नको’ आणि मोठ्याला ‘करू नका’ असे निवडावे लागते. पाटी मात्र ‘करू नये’ म्हणते. त्यात तू नाही, तुम्ही नाही. जो वाचेल त्याला ते लागू. इटालियन पाटीही क्रियापदाचे मूळ रूप वापरून हेच साधते. त्या भाषेत आईने मुलाला ‘हात लावू नकोस’ म्हटले तरी रूप तेच असते: ‘नोन तोक्कारे’. त्यामुळे पाटीवर शिकलेले वाक्य घरातही कानावर पडते. अनोळखी मोठ्या माणसाला थेट सांगताना मात्र रूप बदलते आणि ‘नोन तोक्की’ होते. पाटीवरचे वाक्य जसेच्या तसे कुणा वडीलधाऱ्याला ऐकवू नये, हेही शिकणाऱ्याला इथेच कळते.

सौम्य विनंतीसाठी ‘सी प्रेगा दी नोन…’ अशी सुरुवात असते. ‘कृपया… नये’ ही आपली पद्धत तीच. पण सूर मऊ असला, तरी नियम पाळायचाच असतो.

नकार आधी की शेवटी?

इटालियन पाटीत मनाईचा शब्द पहिला येतो आणि कशाची मनाई ते नंतर. मराठीत उलट. ‘येथे धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे’ या वाक्यात जागा आधी, कृती मध्ये आणि नकार शेवटी. धावत्या गाडीतून अर्धी पाटी दिसली, तर इटालियन वाचकाला मनाई आहे एवढे कळते. कशाची, ते निसटते. मराठी वाचकाला कृती कळते आणि नकार निसटतो. ‘येथे कचरा टाकू नये’मधला शेवटचा शब्द पावसाने पुसला गेला, तर पाटीचा प्राणच जातो. आपले चांगले पेंटर म्हणूनच ‘मनाई’ किंवा ‘बंदी’ हा शब्द लाल रंगात, मोठ्या अक्षरात काढतात. मराठी माणसाने इटालियन पाटी वाचताना वाक्याच्या शेवटाची वाट पाहू नये. पहिल्या शब्दावरच पाय थांबवावा.

मात्र पहिला शब्द कळला म्हणून वाचणे संपत नाही. बांधकामाच्या कुंपणावर हमखास दिसणारी पाटी घ्या: ‘व्येतातो लाच्चेस्सो आय नोन आद्देत्ती आय लावोरी’. यात ‘व्येतातो’ही आहे आणि ‘नोन’ही. अर्थ असा की, जे कामावर नेमलेले नाहीत त्यांना प्रवेश बंद. आपल्या कारखान्यांच्या फाटकावरची ‘कामाशिवाय आत येऊ नये’ ही पाटी तेच सांगते. ‘सेन्त्सा’ म्हणजे ‘शिवाय’ हा शब्दही जपून वाचावा लागतो. महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवर ‘हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही’ अशी सूचना आपण पाहिली आहे. त्यात ‘शिवाय’ दुर्लक्षिले, तर पंपच बंद आहे असे वाटेल. इटालियन संग्रहालयात ‘फोतो सेन्त्सा फ्लॅश’ लिहिले असेल, तर फोटो काढायला परवानगी आहे, फक्त फ्लॅश नको. ‘एच्चेत्तो’ म्हणजे ‘सोडून’: ‘एच्चेत्तो रेसिदेन्ती’, रहिवासी सोडून बाकी सर्वांना मनाई. पाटीखालच्या या लहान पट्टीवरच बरेचदा खरा नियम लिहिलेला असतो.

रूळ आणि खिडकी

मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात वाढलेल्या माणसाला रेल्वेच्या सूचना पाठ असतात. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा कायद्यात आहेत. रूळ ओलांडणाऱ्यावर याच कलमाखाली कारवाई होते. इटालियन स्टेशनांवर याची जोडपाटी असते: ‘व्येतातो आत्त्रावेर्सारे ई बिनारी’, रूळ ओलांडण्यास मनाई. तिच्या पुढची ओळ शिकणाऱ्याने सोडू नये: ‘सेर्वीर्सी देल सोत्तोपास्साज्जो’, भुयारी मार्ग वापरावा. मनाई केली तर काय करायचे तेही सांगितले आहे, हा चांगल्या पाटीचा गुण. फलाटाच्या कडेला ‘नोन ओल्त्रेपास्सारे ला लीनेआ जाल्ला’ असते, म्हणजे पिवळी रेषा ओलांडू नये.

युरोपातल्या जुन्या डब्यांच्या खिडक्यांखाली चार भाषांत एकच सूचना असायची. जर्मन सूचना थेट सांगायची की बाहेर वाकू नका, फ्रेंचही तसेच. इटालियन सूचना होती ‘ए पेरिकोलोसो स्पोर्जेर्सी’, म्हणजे बाहेर वाकणे धोक्याचे आहे. त्यात मनाईचा एकही शब्द नाही. एसटीच्या खिडकीजवळचे ‘हात बाहेर काढू नये’ वाचत आलेल्या माणसाला हा नुसता सल्ला वाटेल. तो सल्ला नाही. इटालियनमध्ये ‘पेरिकोलो’ म्हणजे धोका, आणि हा शब्द पाटीवर दिसला की मनाई आपण समजून घ्यायची.

याचा सर्वांत गंभीर नमुना नद्यांकाठी भेटतो. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या गावांना सावध केले जाते, नदीपात्रात उतरू नये असे सांगितले जाते. वर आकाश निरभ्र असले, तरी वरच्या बाजूच्या पावसाचे पाणी येऊन ठेपते, हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. उत्तर इटलीत डोंगराळ नद्यांवर वीजनिर्मितीची धरणे आहेत. त्यांच्या खालच्या बाजूला ‘पेरिकोलो’ आणि ‘पियेने इम्प्रोव्वीसे’ असे शब्द असलेल्या पाट्या दिसतात. अर्थ: धरणातून पाणी सोडल्यामुळे अचानक पूर येऊ शकतो. पात्र कोरडे दिसते, ऊन पडलेले असते आणि पाटीवर ‘व्येतातो’ नसते. तरीही तिथे एक पाऊलही टाकायचे नाही. विजेच्या खांबावरची जुनी इटालियन सूचना तर सरळ परिणामच सांगते: तारांना जो हात लावेल तो मरेल. आपल्या रोहित्रांवरच्या कवटीचा आणि ‘सावधान, ११००० व्होल्ट’चा अर्थ तोच.

बिडी-सिगारेटची पाटी

एकाच मनाईला दोन देशांनी दिलेले रूप पाहायचे असेल, तर धूम्रपानाची पाटी घ्यावी. इटलीत २००३ च्या कायद्यातली बंद सार्वजनिक जागांमधली धूम्रपानबंदी १० जानेवारी २००५ पासून लागू झाली. भारतात तंबाखू नियंत्रण कायदा २००३ चाच; सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. त्या नियमांत पाटीचे मापही दिले आहे: पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान ६० सेंमी × ३० सेंमी, मध्ये किमान १५ सेंमी व्यासाचे लाल वर्तुळ, त्यात धूर सोडणारी सिगारेट किंवा बिडी, तिच्यावर लाल पट्टी. खाली मजकूर असा की हे धूम्रपानमुक्त क्षेत्र आहे आणि इथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे. बिडीचे चित्रही चालेल असे नियमातच लिहिले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. खेड्यातल्या माणसाला त्याच्या हातातली वस्तू पाटीवर दिसली, तर ती पाटी आपल्यासाठी आहे हे त्याला सांगावे लागत नाही.

इटालियन पाटीवर ‘व्येतातो फुमारे’ या मोठ्या शब्दांखाली बारीक मजकूर असतो: कोणता कायदा, किती दंड, देखरेख कोणाची. तो वाचायला घेतला की आकड्यांचा एक धडा मिळतो. दंड २७.५० ते २७५ युरो. पण पाटीवर तो ‘२७,५०’ असा छापलेला असतो. इटलीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. आपल्या सवयीने वाचले, तर साडेसत्तावीसचे साडेसत्तावीसशे होतील. गरोदर स्त्री किंवा बारा वर्षांपर्यंतचे मूल जवळ असेल, तर दंड दुप्पट होतो, हेही त्याच मजकुरात सापडते.

जळगाव आणि धुळ्याच्या जिनिंग कारखान्यांत या पाटीला कायद्यापलीकडचा अर्थ आहे. कापसाच्या ढिगाला एक ठिणगी पुरते. तिथे ‘बिडी-काडी आत नेण्यास सक्त मनाई’ हे शब्द मालाचे आणि माणसांचे रक्षण करतात. इटलीत अशा जागी ‘फुमारे’बरोबर ‘फियाम्मे लीबेरे’ हे शब्द येतात, म्हणजे उघडी ज्योत. चित्रात पेटलेल्या काडीवर लाल पट्टी असते. हे चित्र आंतरराष्ट्रीय प्रमाणातले असल्याने कोणत्याही देशात ते सारखेच ओळखता येते.

गाडीवाल्याने लक्षात ठेवायचे शब्द

इटलीत भाड्याने गाडी घेणाऱ्या परदेशी माणसांना सर्वांत जास्त त्रास होतो तो ‘त्सोना आ त्राफ्फिको लिमितातो’चा. फ्लॉरेन्स, रोम, बोलोन्या अशा शहरांच्या जुन्या भागांत ठरावीक वेळी फक्त परवानाधारक गाड्या जाऊ शकतात. वेशीवर कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस मागाहून घरी येते. तिथल्या दिव्याच्या फलकावर ‘वार्को आत्तीवो’ असे उमटलेले असते. ‘वार्को’ म्हणजे प्रवेशाची जागा आणि ‘आत्तीवो’ म्हणजे चालू. शब्दशः अर्थ लावणाऱ्याला वाटते, वाट चालू आहे, जाऊ या. प्रत्यक्षात तिथला कॅमेरा आणि मनाई चालू आहे. ‘नोन आत्तीवो’ दिसेल तेव्हाच जाता येते. इथे ‘नोन’ परवानगी देतो, आणि त्याच्याशिवायचा शब्द अडवतो.

दुसरा फसवा शब्द ‘फेरियाली’. ‘फेरिए’ म्हणजे सुटी हे पुस्तकातून शिकलेला विद्यार्थी ‘फेरियाली’ वाचून सुटीचे दिवस समजतो. पाटीवर त्याचा अर्थ कामाचे दिवस असा होतो. सुटीचे दिवस म्हणजे ‘फेस्तीवी’. रस्त्यावरच्या पट्टीवर कामाच्या दिवसांसाठी एकमेकांवर ठेवलेल्या दोन हातोड्या आणि सुटीच्या दिवसांसाठी क्रॉसची खूण असते. शब्दाची शंका आली, तर खूण पाहावी.

आपल्याकडे दुकानाच्या शटरवर ‘येथे गाडी लावू नये, अन्यथा हवा सोडण्यात येईल’ असे लिहिलेले असते. इटलीत फाटकावर गाडी न लावण्याचे निळे-लाल चिन्ह आणि ‘पास्सो कार्राबिले’ हे शब्द असतात: इथून गाड्यांची ये-जा आहे. ही पाटी नगरपालिकेच्या परवानगीने लागते आणि तिच्यावर परवान्याचा क्रमांक असतो. ‘रिमोत्सिओने’ म्हणजे गाडी उचलून नेणे. पट्टीवर हा शब्द किंवा गाडी ओढणाऱ्या ट्रकचे चित्र असेल, तर पाच मिनिटांसाठीही तिथे थांबू नये.

अजिंठ्याची शिकवण

जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. खान्देशात उतरणारे परदेशी पाहुणे बहुधा तिथेच निघालेले असतात. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या लेण्यांत फ्लॅश वापरायला आणि भिंतींना हात लावायला मनाई आहे. या मनाईमागच्या इतिहासात इटालियन माणसेही आहेत. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रांच्या संवर्धनासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटत चाललेले रंगांचे पापुद्रे त्यांनी पुन्हा भिंतीला धरून ठेवले. त्या काळी चित्रांवर दिलेला लाखेचा थर मात्र पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या संवर्धकांना तो काढण्यासाठी मोठे कष्ट घ्यावे लागले. जाणकारांच्या हातांनी केलेल्या उपचारांचाही असा परिणाम होऊ शकतो. मग हजारो प्रेक्षकांच्या घामट बोटांनी काय होईल, हे सांगायला नको. इटलीच्या संग्रहालयांतले ‘व्येतातो तोक्कारे’ आणि अजिंठ्यातले ‘हात लावू नये’ हे एकाच अनुभवातून आलेले आहेत. कारण कळले की मनाई मनापासून पाळली जाते.

आपल्या पाट्यांकडे परतून पाहताना

परक्या भाषेत अडखळल्यावर आपल्या गावात अडखळणाऱ्यांची आठवण व्हायला हवी. जनगणनेनुसार २०११ मध्ये जळगाव जिल्ह्यात साक्षरता सुमारे ७८ टक्के होती, धुळ्यात ७३ टक्क्यांच्या आसपास. जिनिंगमध्ये, केळीच्या बागांत आणि वीटभट्ट्यांवर सातपुड्यातून आणि मध्य प्रदेशातून मजूर येतात. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी ही शिकण्याचीच भाषा आहे. त्यांना ‘प्रतिषिद्ध क्षेत्र’, ‘अनधिकृत प्रवेश दंडनीय’ असे शब्द वाचायला लावणे म्हणजे पाटी लावूनही न सांगण्यासारखे आहे. हिंदी आणि मराठीच्या सीमेवर आणखी एक गोंधळ होतो. हिंदीतल्या ‘प्रवेश निषेध’चा अर्थ प्रवेशास मनाई. मराठीत ‘निषेध’ मोर्च्यात नोंदवला जातो. मराठी पाटीवर ‘प्रवेश बंद’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

वरंगावच्या आयुध निर्माणीसारख्या संरक्षित जागी किंवा इटलीतल्या ‘त्सोना मिलितारे’ म्हणजे लष्करी हद्दीच्या कुंपणावर भाषा कडक असणे समजू शकते. पण शाळा, दवाखाना, बाजार समिती, धरण, कारखाना इथल्या पाटीने चार गोष्टी कराव्यात: ओळखता येणारे चित्र द्यावे, कृतीचे नाव बोलीतल्या माणसालाही कळेल अशा शब्दात लिहावे, मनाईचा शब्द मोठा काढावा आणि कारण किंवा पर्याय एका ओळीत सांगावा. ‘पाण्यात उतरू नये, पाणी अचानक वाढते’ ही ओळ कोणत्याही कलमापेक्षा जास्त जीव वाचवेल.

शिक्षकांना माझे सांगणे आहे की मुलांना एखादा तास वर्गाबाहेर न्यावे, गावातल्या मनाईच्या पाट्या वहीत उतरवून घ्याव्यात आणि त्यांतली कोणती लगेच कळते, कोणती कळत नाही, यावर मुलांना बोलू द्यावे. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला तीच सूचना आपल्या बोलीत लिहायला सांगावे. आणि जे इटालियन शिकत आहेत, त्यांनी पहिल्या आठवड्यात ‘व्येतातो’, ‘दिव्येतो’, ‘नोन’, ‘पेरिकोलो’, ‘सेन्त्सा’, ‘एच्चेत्तो’, ‘आत्तीवो’, ‘फेरियाली’, ‘फेस्तीवी’ आणि ‘रिमोत्सिओने’ हे दहा शब्द पक्के करावेत. एवढ्या शिदोरीवर इटलीतल्या कोणत्याही स्टेशनवर, रस्त्यावर आणि संग्रहालयात सुरक्षितपणे वावरता येते. बाकीची भाषा मग निश्चिंतपणे शिकावी.